बदलीचा मान

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने उडवलेला गोल चेंडू येतो. अमेरिकेतल्या फुटबॉलचा चेंडू लांबट, आणि तो बहुधा हातातच असतो! डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड कवच असे धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात. कोणी ना कोणी जायबंदी व्हायचाच. आणि एकाचे दुखणे तिथे दुसऱ्याचा मान होऊन बसते, ही खरी गंमत.

तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये हंगामातल्या उत्तम खेळाडूंची ‘प्रो बोल’साठी निवड होते. प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक, तिघांच्या मतांना सारखेच वजन. निवडलेला गडी दुखावला, किंवा त्याचा संघ सुपर बोल या अंतिम सामन्यात पोचला, की त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावतात. तो नाही म्हणाला तर तिसऱ्याला. शेवटी जो येतो, त्याच्याही नावापुढे जन्मभर ‘प्रो बोल खेळाडू’ हीच पदवी!

२०२२ च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सचा टायलर हंटली हा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, फेक करणारा गडी. लमार जॅक्सन दुखावल्यामुळे त्याला चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळायला मिळाले. त्याच्या फेकीवर टचडाउन झाले ते अवघे दोन. पुढे बफलोच्या जॉश ॲलनने कोपराच्या दुखण्यामुळे माघार घेतली आणि हंटलीला प्रो बोलचे बोलावणे आले. लोक हसले. पण त्या पोराचा काय दोष? बोलावले, तो गेला.

बदली म्हणजे कमअस्सल, असे मात्र मुळीच नाही. २००१ मध्ये ड्र्यू ब्लेडसो जबर जखमी झाला, म्हणून न्यू इंग्लंड पेट्रियट्सने टॉम ब्रेडीला उभे केले. नव्या खेळाडूंच्या निवडीत हा १९९ वा आलेला! त्याच हंगामात संघाने सुपर बोल जिंकला. पण ब्रेडीला बदलीत मिळाले ते काम. मान त्याने मैदानावर मिळवला. हंटलीला बदलीत मिळाला तो मानच. मीही एके काळी रजेवरच्या प्राध्यापकांच्या जागी तास घेतले आहेत, पगारही घेतला आहे. त्यांना मिळालेले पारितोषिक मात्र कोणी माझ्या हातात ठेवले नाही!

पैशाच्या हिशेबात लीग हा भेद चोख पाळते. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूची पाचव्या वर्षाची रक्कम प्रो बोलमुळे वाढू शकते. पण २०२० च्या करारानुसार त्यासाठी मूळ मतदानातच निवड व्हावी लागते. असोसिएटेड प्रेसच्या ‘ऑल-प्रो’ यादीत तर बदलीचा प्रश्नच नाही. ज्याला मते पडली तो अंथरुणावर असला, तरी नाव त्याचेच.

पूर्वी प्रो बोलचा सामना खराखुरा व्हायचा, तेव्हा मैदानावर माणसे लागत. २०२३ पासून तिथे झटापटीविना फ्लॅग फुटबॉल होतो. त्यासाठी बदली गडी जरूर बोलवावा, शर्ट द्यावा, मानधन द्यावे. फक्त त्याच्या नावासमोर ‘बदली’ हा शब्द लिहावा. खजिनदाराच्या वहीत तो आहेच; विक्रमांच्या वहीत तेवढा उतरवून घ्यायचा.