६१ दिवस, २ लाख ७० हजार वर्षे

बरगी धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की पाणी नजरेत मावत नाही. अडवलेली नर्मदा इथे सुमारे २७ हजार हेक्टरवर पसरली आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतल्या १६२ गावांना या पाण्याची झळ बसली. आम्हा जबलपूरकरांचा समुद्र म्हणजे हाच. खरा समुद्र आम्हाला भेटतो तो बाजारात, बर्फात घालून आलेल्या सुरमईच्या रूपानं. पण ग्वारीघाटावरून वाहणारं पाणी शेवटी भडोचपलीकडे त्याच खऱ्या समुद्रात जातं, आणि त्या समुद्राचं आज जे चाललं आहे त्याचा आवाका समजून घ्यायला मला बरगीचीच मोजपट्टी सोयीची वाटते.

अरबी समुद्राचं क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख ६० हजार चौरस किलोमीटर. बरगीसारखे १४ हजार जलाशय शेजारी शेजारी मांडले तरी तो पुरता भरत नाही. हा समुद्र तापतो आहे. चार दशकांपूर्वीच्या तुलनेत त्याच्या पृष्ठभागाचं तापमान एक अंशाहून अधिक वाढलं आहे. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब करून पाहिला. एक घनमीटर खारं पाणी एका अंशानं तापवायला साधारण १.१ युनिट वीज लागते. अरबी समुद्राचा फक्त वरचा ५० मीटरचा थर घेतला, तरी आकडा २१० लाख कोटी युनिटांच्या पुढे जातो. बरगीचं मुख्य वीजघर ९० मेगावॅटचं आहे. ते रात्रंदिवस, एक क्षणही न थांबता, पूर्ण क्षमतेनं चाललं तर एवढी वीज तयार करायला त्याला सुमारे २ लाख ७० हजार वर्षे लागतील.

ही उष्णता माशांपर्यंत पोचते ती आडवाटेनं. वरचं पाणी तापून हलकं झालं की ते खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. तळाकडची पोषक द्रव्यं वर येईनाशी होतात, आणि ज्यांच्यावर सगळा समुद्र जगतो ते सूक्ष्म वनस्पती-प्लवक उपाशी राहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सहा दशकांत पश्चिम हिंद महासागरातलं हे प्लवक काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटलं आहे.

प्लवकावर थेट जगणारा मासा म्हणजे तारली. आयुष्य जेमतेम अडीच-तीन वर्षांचं, त्यामुळे एखादं वर्ष वाईट गेलं की लगेच दिसतं. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली किनाऱ्याला आली. २०२१ मध्ये किती? ३,२९७ टन. एक तारली ४० ग्रॅमची धरली, तर एक हजार कोटी माशांच्या जागी सव्वाआठ कोटी. शंभराला एकसुद्धा नाही! दोष एकट्या हवामानाचा नव्हता. पुरेशी वाढ होण्याआधीच पिल्लं उपसणं हाही त्यातला मोठा भाग होता. पुढच्याच काही वर्षांत तारली पुन्हा लाख टनांच्या पुढे गेली. मला तर ही उसळी घसरणीइतकीच थक्क करते.

महाराष्ट्राचं २०१९ हे वर्ष वेगळ्या कारणानं लक्षात राहिलं. वायू, हिक्का, क्यार, महा, पवन अशी पाच चक्रीवादळं त्या एका वर्षात अरबी समुद्रात उठली. क्यार आणि महा तर एकाच वेळी घोंघावत होती. ऐन हंगामात होड्या बंदरात अडकून पडल्या. राज्याची समुद्री मासळी आदल्या वर्षीच्या २ लाख ९५ हजार टनांवरून २ लाख १ हजार टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. जी मासळी कमी आली ती दहा-दहा टनांच्या ट्रकमध्ये भरली असती, तर ९,४०० ट्रक लागले असते. एका ट्रकला दहा मीटर जागा धरून ते ओळीनं उभे केले, तर ती रांग जबलपूरहून जवळजवळ मंडल्यापर्यंत पोचते.

पावणेतीन लाख वर्षांच्या विजेएवढ्या उष्णतेपुढे मासेमारी खात्याच्या हातात काय उरतं? उरतात ते अगदी बारके आकडे. ट्रॉलच्या जाळ्याच्या शेपटाकडच्या भागाला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे छिद्रं. शंकरपाळ्यासारखे तिरके आस ओढताना मिटतात, चौकोनी उघडे राहतात आणि लहान मासा निसटतो. केरळात तारली किमान १० सेंटिमीटरची झाल्याशिवाय धरायची नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानंही बऱ्याच जातींसाठी असं किमान माप ठरवलं. त्याच वर्षी चंदेरी पापलेट राज्यमासा झाला. आणि सगळ्यांत मोठा आकडा ६१ दिवसांचा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी समुद्रात जायचं नाही.

मध्य प्रदेशातही मासेमारीचा बंद ऋतू १६ जून ते १५ ऑगस्ट असतो. दिवस मोजा, बरोबर ६१. तारखा वेगळ्या, पाणी वेगळं, पण माशांना अंडी घालायला दिलेली सवड तेवढीच. एक फरक मात्र मोठा आहे. बरगीत रोहू-कटला कमी झाले तर बाहेरून मत्स्यबीज आणून सोडता येतं. ज्यांची शेतं या पाण्याखाली गेली त्या विस्थापितांच्या सहकारी संघाला १९९४ मध्ये इथले मासेमारीचे हक्क मिळाले, आणि शेतकऱ्यांनी जाळं धरलं तेव्हा बीज सोडणं हे त्यांच्या कामाचाच भाग होतं. अरबी समुद्रात बाहेरून पापलेटाचं बीज सोडून ही तूट भरून काढता येत नाही. तिथे जे वाचेल तेच पुढच्या वर्षी मिळेल.

म्हणून ६१ या आकड्याबद्दल बोलल्यावाचून मला राहवत नाही. कोळ्यांची जुनी रीत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होडी लोटायची. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. कायद्यानं समुद्र १ ऑगस्टलाच खुला झाला होता. त्या मधल्या २९ दिवसांत पावसाळ्यात जन्मलेली तारलीची पिल्लं जाळ्याबाहेर राहिली असती, तर त्यांना वाढायला आणखी एक महिना मिळाला असता.