पीयूषिका ग्रंथीच्या गाठी आणि किरणशस्त्रक्रिया

बोटातील लग्नाची अंगठी निघेनाशी होते, चपलेचे माप वाढते, जबडा पुढे येतो. आणि हे सारे वयोमानाने होते असे समजून आपण दुर्लक्ष करतो. क्वचित यामागे मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतील गाठ असते. अशी गाठ बहुधा कर्करोगाची नसते. तथापि ती संप्रेरके अतोनात स्रवू लागली की साऱ्या शरीराचा तोल ढळतो. वाढीच्या संप्रेरकाच्या अतिरेकाने अ‍ॅक्रोमेगली, तर कॉर्टिसॉल वाढल्याने कुशिंगचा आजार होतो. दोहोंतही मधुमेह व उच्च रक्तदाब संभवतात आणि उपचार न झाल्यास आयुष्य घटते.

या दोन्ही आजारांत पहिला उपाय सामान्यतः नाकावाटे केलेली शस्त्रक्रिया हाच असतो. प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ मात्र बहुतेकदा गोळ्यांनीच आटोक्यात येते. गाठीचा काही अंश शेजारच्या रक्तवाहिनीभोवती रुतून राहिला आणि औषधेही पुरेशी पडली नाहीत, तर किरणशस्त्रक्रियेचा विचार होतो.

नावात शस्त्रक्रिया असली तरी येथे सुरी लागत नाही. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 साली ही कल्पना मांडली. त्यातून पुढे आलेल्या ‘गामा नाइफ’ यंत्रात कोबाल्टचे सुमारे 200 किरण निरनिराळ्या दिशांनी एकाच बिंदूवर एकवटतात. एकेकटा किरण क्षीण असल्याने वाटेतील मेंदूस फारशी इजा होत नाही. गाठीवर मात्र सर्वांचा एकत्रित मारा होतो. भारतात ही सोय 1997 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात व दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली. उपचार बहुधा एकाच दिवसात आटोपतो.

संप्रेरके स्रवणाऱ्या गाठीला किरणांची मात्रा अधिक, साधारणतः 20 ते 25 ग्रे, द्यावी लागते. डोळ्यांची नस एवढी मात्रा सोसू शकत नाही. म्हणून गाठ व नस यांत काही मिलिमीटरचे अंतर असावे लागते. ते नसेल तर कित्येक आठवडे थोडी थोडी मात्रा देण्याचा मार्ग उरतो.

येथे एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. उपचार एका दिवसाचा असला तरी गुण एका दिवसात येत नाही. गाठीची वाढ बहुतेकांत थांबते. परंतु संप्रेरके पूर्वपदावर येण्यास एक ते अनेक वर्षे लागतात, आणि सर्वांनाच तेवढे यश लाभत नाही. तोपर्यंत औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत वा थांबवावीत.

याउलट, काही वर्षांनी ग्रंथीची इतर संप्रेरके कमी पडू शकतात. सततचा थकवा, चक्कर वा अनियमित पाळी ही त्याची चिन्हे होत. म्हणून बरे वाटत असतानाही नियमित रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी. कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारी गोळी सुरू असेल, तर ती मनाने कधीही बंद करू नये; तसे करणे जिवावर बेतू शकते.

घरातील माणसांनी हे ध्यानात ठेवले, तर ‘इतका खर्च करूनही गुण नाही’ असे बोल रुग्णास ऐकावे लागणार नाहीत. या आजारात धीर धरणे हाही उपचाराचाच भाग आहे.