सेल्फची मोटर व फ्लायव्हीलचे दांते

पेरणीच्या तोंडीं बियाण्यास निघावें आणि जीपचा सेल्फ मुका रहावा, असा प्रसंग गेल्या ज्येष्ठांत आम्हांवर आला. मोटर जळाली होती. भातकुलीहून अमरावतीस जाऊन 'विलीज जीपची' एवढेंच सांगून दुसरी आणली. बोल्ट बरोबर बसले, म्हणून निश्चिंत झालों. पण कळ दाबतांच दांत्यावर दांता खडखडला व तिसर्‍या खेपेस पिनियनचे दोन दांते तुटले.

महिंद्रांनीं १९४७ सालीं मुंबईस विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला. या चार सिलिंडरांच्या एंजिनाच्या फ्लायव्हीलवरील कड्यास जुन्या गाड्यांत ९७ दांते असत, पुढें १२४ आले. १२९ चें कडेंही आढळतें. ९७ चा दांता जाड, १२४ चा बारीक. एकाचें पिनियन दुसर्‍यांत शिरणार कसें? शिवाय इतक्या वर्षांत एकीचें एंजिन दुसरीत गेलेलें असतें, म्हणून गाडीच्या कागदांवर विसंबू नये. दप्तरांत जन्मभर नक्कल मुळाशीं ताडून पाहणारे आम्ही, नेमके येथेंच चुकलों!

दांते मोजणें कठीण नाहीं. बॅटरीची तार सोडावी, गिअर मोकळा ठेवावा व मोटर काढावी. उघड्या भोकांतून एका दांत्यास खडूची खूण करून एंजिन हातानें सावकाश फिरवावें. खूण परत येईतों मोजावें. आमचे १२४ भरले. आणलेली मोटर ९७ ची निघाली. तुटलेला माल दुकानदार परत घेईना.

दुकानीं जुनी मोटर सोबत न्यावी. पिनियनचे दांते, त्यांची जाडी, फिरण्याची दिशा व बैठकीपासून पिनियनचें अंतर ताडावें. मोटर स्वस्थ असतां पिनियन कड्यास टेकतां कामा नये. जुन्या जीपा ६ व्होल्टच्या, नंतरच्या १२ च्या. ६ ची मोटर १२ च्या बॅटरीवर जोरानें फिरते खरी, पण कड्यावर घणासारखी आदळते.

कडेंही तपासावें. एंजिन बंद होतांना दाबाच्या ठराविक जागींच थांबतें, त्यामुळें चार सिलिंडरांत समोरासमोर दोन ठिकाणीं व तीन सिलिंडरांच्या ट्रॅक्टरांत तीन ठिकाणीं दांते झिजतात. तेथें नवी मोटरही टिकत नाहीं. कडें वेगळें मिळतें. बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितात तसें तापवून बसवितात. मात्र लाल होईतों तापवूं देऊं नये, दांत्यांचें पाणी उतरतें. दांत्यांची उतरती कड पिनियन शिरतें त्या बाजूस ठेवावी.