एका पैशाचा फरक : संगणकाचा हिशेब कुठे चुकतो?

बहुतेक दुकानांत आता बिल संगणकावर निघते. यंत्राचा हिशेब चुकत नाही, असे समजून व्यापारी निर्धास्त असतो. परंतु एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रती, तीच रक्कम, तोच दर आणि तरी उत्तरात एका पैशाचा फरक, असे घडू शकते. अशा वेळी संशय मुनिमावर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या नोकरावर येतो. म्हणून हा मामला समजून घेणे जरुरीचे आहे.

संगणक फक्त 0 आणि 1 या दोन अंकांत मोजतो. आपल्या पद्धतीत 1 भागिले 3 केले तर 0.333... कधी संपत नाही. त्याचप्रमाणे संगणकाच्या पद्धतीत 0.1 किंवा 0.01 पूर्ण लिहिता येत नाही. जागा असेल तितके अंक ठेवून जवळची संख्या घेतली जाते. यासाठी 1985 साली आयईईई 754 हे मानक ठरले. त्यातील 64 बिटांच्या प्रकारात सुमारे 15 ते 16 अंक अचूक राहतात.

आता कम्पायलर पाहू. प्रोग्रॅमर जे लिहितो ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा दुभाष्या आहे. त्याला ‘वेग वाढव’ असा हुकूम देता येतो. जीसीसी या कम्पायलरमध्ये त्याला ‘फास्ट-मॅथ’ म्हणतात. हा हुकूम मिळाला की कम्पायलरला गणिताची मांडणी बदलण्याची मुभा मिळते.

उदाहरण घ्या. 53.50 रुपयांवर 5 टक्के वटाव काढायचा आहे. 53.50 गुणिले 5 म्हणजे 267.5, भागिले 100 म्हणजे 2.675 रुपये. कागदावर आपण 2.68 धरतो. संगणकात मात्र 2.675 ची सर्वात जवळची संख्या 2.67499999999999982 अशी आहे, म्हणून दोन घरांपर्यंत छापताना 2.67 येते. भागाकाराला वेळ जास्त लागतो, म्हणून ‘फास्ट-मॅथ’मध्ये कम्पायलर 100 ने भागण्याऐवजी 0.01 ने गुणू शकतो. तसे केले तर उत्तर 2.67500000000000027 येते आणि 2.68 छापले जाते. प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नसते. दुसरे उत्तर कागदाशी जुळले हा केवळ योगायोग. त्याच्या भरवशावर वह्या ठेवता येत नाहीत.

बेरजेचा क्रमही असाच बदलू शकतो. 32 बिटांच्या लहान प्रकारात 1,67,77,216 मध्ये 1 मिळवला तरी बेरीज तेवढीच राहते. म्हणजे मोठ्या रकमेत एकेक रुपया मिळवत गेले तर तो गायब होतो. आधी लहान रकमा एकत्र केल्या तर टिकतो.

थेंबाथेंबाने तोटा किती होतो, हे कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने अनुभवले. तेथील निर्देशांक 1982 साली 1000 वर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तिसऱ्या दशांशापुढचे अंक सरळ कापले जात. नोव्हेंबर 1983 मध्ये निर्देशांक 520 च्या आसपास दिसत होता. दुरुस्तीनंतर तो 1098 च्या वर निघाला. तेथे दोष कम्पायलरचा नव्हता, पण बारीक अंकांकडे केलेले दुर्लक्ष तेच.

उपाय अवघड नाही. सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. रक्कम पूर्णांकात, म्हणजे पैशांत, किंवा दशमान प्रकारात ठेवली आहे काय? अर्धा पैसा वर धरायचा की सोडायचा, हा नियम लेखी आहे काय? सर्व शाखांतील प्रती एकाच सेटिंगने तयार केल्या आहेत काय? त्यानंतर प्रत्येक शाखेत 53.50 वर 5 टक्के वटावाचे बिल काढून पाहावे. उत्तर वेगळे आले तर नोकराची झडती घेण्यापूर्वी प्रोग्रॅमची तपासणी करून घ्यावी.