तेरा महिन्यांची सरहद्द

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश अंमल संपुष्टात आला, तेव्हा आज छत्रपती संभाजीनगर म्हणविला जाणारा औरंगाबाद जिल्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आणि ते संस्थान भारतात सामील न झाल्यामुळे खानदेश, नगर व वऱ्हाड यांच्याकडील जी हद्द तोवर करोडगिरीच्या नाक्यांपुरतीच जाणवे, ती पुढील तेरा महिने दोन सत्तांमधील सरहद्द होऊन बसली. तिच्या दोन्ही अंगांस भाषा एक होती, लेकी दिल्याघेतल्या होत्या. आणि लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांचा जुलूम जसजसा वाढला, तसतशी मराठवाड्यातील कुटुंबे जमीनजुमला मागे टाकून याच सोयरिकीच्या वाटांनी परागंदा झाली.

२९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारात परस्परांकडे प्रतिनिधी नेमण्याचे ठरले होते, तंटा उद्भवल्यास लवादाचीही तजवीज होती. घरदार सोडून पलीकडे गेलेल्या रयतेसाठी मात्र एकही कलम नव्हते. ही उणीव नातलगांनी आणि उमरखेड, मनमाड अशा ठिकाणी स्टेट काँग्रेसने उभारलेल्या केंद्रांनी जमेल तशी भरून काढली. ही केंद्रे वस्तुतः प्रतिकाराची होती. त्यांच्या शौर्याचे गुणगान आपण यथेच्छ केले, आणि ते रास्तच होय. परंतु आश्रयाची व्यवस्था लढ्याच्या हवाली व्हावी, यात राज्यसंस्थेचे केवढे अपयश होते, याचा विचार क्वचितच केला.

उलट दिशेनेही लोक येतच होते. फाळणीच्या दंग्यांनी भयभीत झालेले मुसलमान शेजारच्या प्रांतांतून संस्थानात आले, आणि सप्टेंबर १९४८ मधील भारताच्या पोलीस कारवाईनंतर जो सूड उगवला गेला, त्यात त्यांच्याबरोबर मूळचे रहिवासीही देशोधडीस लागले. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला; तो अहवाल कित्येक दशके दफ्तरातच राहिला.

हैदराबादची फिर्याद १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिसला सुरक्षा परिषदेपुढे निघाली, ती सार्वभौमत्वाची, परागंदा रयतेची नव्हे. दुसऱ्याच दिवशी निझामाने शरणागती पत्करली. निर्वासित हा दोन सरकारांच्या सामायिक जबाबदारीचा विषय आहे, हे भान ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात दिसते. परत येऊन मालमत्तेची विल्हेवाट लावण्याची मुभा त्याने निर्वासितांना दिली. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जिनिव्हा करार युरोपच्या मापाने बेतलेला होता, हे खरे. पण १९६७ मध्ये ते माप सैल झाल्यावरही भारताने सही केली नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे सुमारे एक कोटी लोक आपण सांभाळले, त्यासाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सर्वांनी लावले. ते औदार्य होते, हक्क नव्हे.

१९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा २०२५ मध्ये बदलला. नव्या कायद्यातही निर्वासिताची स्वतंत्र व्याख्या नाही. स्वतः परागंदा झालेल्या प्रदेशाच्या प्रतिनिधींनी तरी, १७ सप्टेंबरचे झेंडावंदन आटोपल्यावर, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायद्याची मागणी संसदेत मांडावी.