चेंडूला शेपटी का फुटते?

गेल्या दिवाळीत इंदूरच्या आमच्या घरी नवा दूरदर्शनसंच आला. आठवडाभर त्याचे कौतुक झाले आणि मग आमच्या नानांनी तक्रार मांडली. "दुपारी चित्र फिकट दिसते, आणि गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूला शेपटी फुटते." नानांनी वयाची ऐंशी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झालेली. दोष डोळ्यांचाच, असे आम्ही मनोमन ठरविले व त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. संच तपासा." आम्ही खजील झालो. त्यानंतर जे वाचन घडले, त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण वडीलधाऱ्यांच्या अशा तक्रारी घरोघरी ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या जातात.

या पडद्याच्या पोटात द्रवस्फटिक असतात. १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना एक विलक्षण पदार्थ आढळला. तो १४५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळून गढूळ होई आणि सुमारे १७८ अंशांनंतरच नितळ होई. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहे, पण त्याचे रेणू मात्र स्फटिकाची काहीशी शिस्त पाळीत. पुढे ऐंशी वर्षे ही प्रयोगशाळेतील नवलाईच राहिली. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यापासून आकडे दाखविणारे पटल बनविल्याचे जाहीर झाले. १९७०-७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील शाड्ट व हेल्फ्रिख यांनी रेणूंच्या रांगांना पीळ देण्याची युक्ती काढली, आणि त्यानंतर लवकरच इंग्लंडातील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी नेहमीच्या तापमानात टिकणारी संयुगे सिद्ध केली. घड्याळे व गणकयंत्रे यांची सोय झाली. तेथे आकडा किंचित सावकाश उमटला तरी कोणाचे अडत नव्हते. चेंडूचे तसे नाही.

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. दिवा त्याच्या मागे असतो; द्रवस्फटिकाचे काम जुन्या खिडकीच्या झिलमिलीचे. विजेचा दाब कमीअधिक केला की रेणू वळतात, आणि पुढेमागे लावलेल्या दोन ध्रुवक पटलांमधून किती प्रकाश जावा, हे त्यावरून ठरते. पहिले पटलच निम्म्याहून अधिक प्रकाश गिळते. तांबडी, हिरवी व निळी गाळणी उरलेल्यातील एक तृतीयांशच पुढे सोडते. वाटेतील तारा आणखी थोडा अडवितात. परिणामी दिव्याच्या शंभर भागांपैकी जेमतेम पाच ते दहा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून तंत्रज्ञांनी अशी फिल्म बनविली, की जो प्रकाश ध्रुवक पटल गिळणार, तो आधीच मागे परतवून पुन्हा कामी आणावा. बारीक लोलकांच्या फिल्मने विखुरणारा प्रकाश प्रेक्षकाच्या दिशेस वळविला. नळीच्या दिव्यांच्या जागी एलईडी आले.

आता वेगाचे पाहू. विजेचा रेटा मिळाला की रेणू त्वरेने वळतात. रेटा काढला की मात्र आपल्याच ओढीने सावकाश जागेवर येतात. पदार्थ जितका चिकट, तितका विलंब अधिक. थराच्या जाडीचा हिशेब तर वर्गाचा आहे: जाडी निम्मी केली की वेळ चौथाईवर येतो. आजच्या पडद्यांत हा थर तीन-चार मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी पातळ असतो. शिवाय रेणूंना क्षणभर गरजेपेक्षा जास्त दाब देऊन हलविण्याचीही युक्ती आहे. पण ती अतिरेकाने वापरल्यास चेंडूमागे उलट उजळ सावली उमटते. जाहिरातीतील 'एक मिलिसेकंद' हा आकडा पुष्कळदा अशाच ताणलेल्या स्थितीतला असतो, हे ग्राहकाने ध्यानी ठेवावे.

खरी मेख पुढे आहे. थर पातळ केला की वेग वाढतो, पण प्रकाश पुरेसा वळत नाही व चित्र मंदावते. ती उणीव भरून काढणारा पदार्थ घ्यावा, तर तो पुष्कळदा अधिक चिकट निघतो. आणि रेणू कितीही चपळ केले तरी शेपटी पुरती जात नाही. पडदा प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत तसेच धरून ठेवतो; आपली नजर मात्र चेंडूबरोबर सरकत असते. १९२० ठिपक्यांची रुंदी चेंडूने एका सेकंदात ओलांडली आणि सेकंदाला ६० चित्रे असली, तर प्रत्येक चित्रामागे ३२ ठिपक्यांचा फराटा डोळ्यांत उमटतो. यावर उपाय म्हणजे चित्रांची संख्या वाढविणे, अथवा दिवा क्षणभरच पेटविणे. पण दिवा एक चतुर्थांश वेळच पेटला, तर उजेडही चौथाईच मिळणार! उजेड आणि वेग यांचे हे भांडण जुने आहे.

या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. अशाच रेणूंची फिल्म १९९०च्या दशकात पडद्यांवर आली आणि बाजूला बसलेल्यांनाही चित्र नीट दिसू लागले.

आम्ही पुढे काय केले? संच खिडकीसमोरून हलवून आतल्या भिंतीशी नेला. यादीत शोधून दिवा लुकलुकविण्याची सोय सापडली. दुपारी ती बंद ठेवतो, कारण तेव्हा उजेडच हवा. रात्री अंधारात उजेड पुरून उरतो, तेव्हा ती चालू करतो. कोणाला त्या लुकलुकीने डोके दुखते. तसे झाल्यास ती वापरू नये. परवाच्या रात्रीच्या सामन्यात नाना एकदम म्हणाले, "शिवण दिसली!"

वाचकांनी एवढेच करावे. घरातील वृद्ध म्हणाले, 'दिसत नाही', तर डोळे अवश्य तपासावेत. पण त्याच दिवशी संचाची जागाही तपासावी.