कागद सांभाळणारा आणि पैसा सांभाळणारा

मावळात दिव्यांगांच्या अनुदानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एजंट धरल्याशिवाय काही होत नाही." कामशेतच्या बाजारात, लोणावळ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात, पवन मावळातल्या गावच्या पारावर ते अगदी खात्रीने सांगितलं जातं. त्याला जोडूनच सल्ला येतो: "पासबुक आणि एटीएम कार्डही त्याच्याकडेच राहू द्या, तोच सगळं बघेल." यातला पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा धोक्याचा. मदत घेऊ नये असं कुणी म्हणत नाही. अर्ज भरायला, कार्यालयं धुंडाळायला, तारखा लक्षात ठेवायला माणूस लागतोच. पण कागदांची धावपळ करणारा आणि पैशाला हात लावणारा या दोन वेगळ्या भूमिका आहेत. त्या एकाच माणसाच्या हाती देऊन त्याला हिशेब न विचारणं, हे या सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे.

आधी एजंटाकडे कोणती गुप्त किल्ली असते ते पाहू. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो आणि तो विनाशुल्क आहे. तपासणी औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून अशा नेमून दिलेल्या रुग्णालयात होते. टक्केवारी डॉक्टर ठरवतात, दलाल नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज वडगावला तहसील कार्यालयात जातो आणि त्याला तालुकास्तरीय समितीच्या बैठकीत मंजुरी मिळते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिना २५०० रुपये लागू झाले आणि ते आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. या साखळीत "आत ओळख" असल्यामुळे पुढे सरकेल असा एकही कायदेशीर टप्पा नाही. उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला अडला, तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्यावर आयोग अशी वाट आहे. "टक्के वाढवून देतो" असं सांगणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावं. दिव्यांगांसाठीचा लाभ खोटेपणाने घेणं हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि कागदावर नाव लाभार्थ्याचं असतं, एजंटाचं नाही.

यावर येणारा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या बाईने वडगावला तीन फेऱ्या मारायच्या आणि मुलाला घेऊन औंधला जायचं, तर तेवढे दिवस रोज बुडतो. त्यापेक्षा एजंटाला दोन पैसे दिलेले परवडतात. कबूल. अर्ज भरून देण्याच्या, सोबत येण्याच्या कामाचे ठरवून पैसे देण्यात काहीच गैर नाही. मात्र ते पैसे केलेल्या कामाचे हवेत. थकीत रकमेतला किंवा दर महिन्याच्या अनुदानातला हिस्सा नको, कारण हिस्सा ठरला की मदतनिसाचा हात कायमचा खात्यात शिरतो. मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवू नयेत, प्रती द्याव्यात. अर्जाची पोच आणि क्रमांक स्वतःकडे घ्यावा. ओटीपी सांगू नये. एटीएम कार्ड तर मुळीच देऊ नये. "तो बँकेत जाऊच शकत नाही, मग कार्ड दिल्याशिवाय करायचं काय?" याचंही उत्तर आहे. सही करता न येणाऱ्या आजारी किंवा असमर्थ खातेदाराला अंगठ्यावर पैसे काढता येतात, त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची व्यवस्था आहे. दिव्यांगांना घरपोच प्राथमिक बँकसेवा द्याव्यात, ही सूचनाही तिने २०१७ मध्ये बँकांना दिली. शाखेत हे माहीत नसेल तर लेखी मागावं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेत या दोन भूमिका नावानिशी वेगळ्या आहेत. बिलं भागवणारा योजना-व्यवस्थापक एक आणि सेवा जुळवून देणारा समन्वयक दुसरा. व्यवस्थापकाचं शुल्क सरकार वेगळं मंजूर करतं, ते दिव्यांगाच्या इतर मदतीतून कापलं जात नाही. आपल्याकडे अशी पगारी पदं नाहीत, ही उणीव आहेच. पण त्या मोकळ्या जागेत शिरलेल्या कुणालाही दोन्ही अधिकार देऊन टाकावेत, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता घरातल्या माणसांकडे वळायला हवं, कारण खरी रक्कम तिथे आहे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून आणि पवनेच्या काठी बंगले उभे राहू लागल्यापासून मावळातल्या गुंठ्याला भाव आला. अशा वेळी "त्याला कुठे कळतंय, त्याचा काय हिस्सा" हे वाक्य जमिनीच्या व्यवहारात ऐकू येतं, आणि ते संतापजनक आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं कलम २८ सांगतं की रोग, दोष किंवा व्यंग यामुळे कुणीही वारसाहक्काला अपात्र ठरत नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ त्याहून पुढे जातं. मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने घेण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार हाताळण्याचा हक्क ते दिव्यांगाला इतरांइतकाच देतं. आधार देणाऱ्या माणसाचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात आडवे येत असतील, तर त्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हावं, असं तेच कलम बजावतं. सातबारावर ज्याचं नाव आहे तोच भाऊ दिव्यांग भावाच्या वतीने हिस्सा विकायला निघाला, तर नेमका हाच प्रसंग आहे. भाऊ वाईट आहे असं इथे कुणी म्हणत नाही, त्या एका व्यवहारापुरता दुसरा माणूस हवा इतकंच. आणि दिव्यांग व्यक्तीला आपला मदतनीस बदलण्याचाही हक्क आहे.

"आई-वडील आहेत ना, मग पालक तेच" ही समजूत मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंतच खरी असते. पुढे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल आणि पालकाची खरोखर गरज असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. तिचं प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. एजंटाकडून असा हिशेब कुणी कधी मागितला आहे? इतर दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. ते ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालतं.

गुंतवणुकीच्या सल्ल्यालाही हाच निकष लावावा. रेल्वेतून किंवा आयएनएस शिवाजीवरून निवृत्त झालेल्या आई-वडिलांच्या हाती एकरकमी पैसा येतो आणि "मुलाच्या भविष्यासाठी" म्हणत विमा विकणारा दारात उभा राहतो. सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो आणि त्याच ग्राहकाला माल विकून कमिशन घेऊ शकत नाही. विमा प्रतिनिधी आणि म्युच्युअल फंड वितरक मात्र कमिशनवरच जगतात. तो धंदा कायदेशीर आहे, पण त्यांच्या शब्दाला त्रयस्थ सल्ला समजू नये. नोंदणी क्रमांक मागावा आणि "तुम्हाला पैसे कोण देतं?" हे सरळ विचारावं. विशेष म्हणजे कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला सरकारी कर्मचाऱ्याचं कुटुंब निवृत्तिवेतन अटी पूर्ण झाल्यास आजन्म मिळू शकतं. त्याची नोंद नोकरीच्या कागदपत्रांत आई-वडील हयात असतानाच करून घेणं कुठल्याही पॉलिसीआधी यायला हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. यूडीआयडी कार्ड आलं की पैसे आपोआप सुरू होत नाहीत, प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा असतो. सगळं तहसीलमध्येच मिळतं असंही नाही: ग्रामपंचायतीने आणि लोणावळा, तळेगावसारख्या नगरपरिषदांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात आणि तो अर्ज तिथेच द्यायचा. निरामय आरोग्य विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, तो राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांसाठी एक लाखापर्यंत आहे. ज्याला व्यवहार समजत नाही त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतलं तर ते टिकत नाही, कारण करारालाच समज लागते. शेअर आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी म्हणून नाव लावलं की तो मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी खटल्यात हे स्पष्ट केलं, तेव्हा दिव्यांग मुलासाठी धाकट्याला नॉमिनी करून निर्धास्त होऊ नये, मृत्युपत्र करावं किंवा खासगी न्यास. आणि नेमलेला पालक हटवताच येत नाही, हेही खोटं. तो छळ करत असेल, दुर्लक्ष करत असेल किंवा मालमत्तेचा अपहार करत असेल, तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था स्थानिक स्तर समितीकडे त्याला काढण्याचा अर्ज करू शकतात. हक्क नाकारले जात असतील तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच, चर्च रस्त्यावर आहे. तक्रार ऐकताना त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात.